रिक्त, चालू, खराब

नंबरांचं रजिस्टर माझ्याकडे होतं, लष्करच्या एक्स्चेंजमध्ये,
एकोणीस वर्षं.
कापडी पुठ्ठा, लाल कड, आणि आत
दहा हजार आकडे, चार शून्यांपासून सुरू.
प्रत्येकासमोर तीन शब्दांपैकी एक:
रिक्त, चालू, खराब.

लोकांना वाटायचं, नंबर आपला.
दाल बाजारातले शेठ पेढे घेऊन यायचे,
शेवटी एकशेआठ पाहिजे म्हणून.
फॉर्मच्या मागचं बारीक कोणी वाचत नसे:
नंबर शासनाचा. कधीही बदलता येईल.
कारण सांगितलं जाणार नाही.
मी पेढा खायचे
आणि पुढचा जो रिक्त असेल तो द्यायचे.

अंबूताई खानविलकर आल्या त्या मार्चअखेरीस,
जेव्हा आमच्याकडे श्वास घ्यायलाही व्हाउचर लागायचं.
जिंसी नाला नंबर दोनमधलं घर विकलेलं,
बिऱ्हाड ठाटीपूरला चाललेलं.
ठाटीपूरचं एक्स्चेंज वेगळं. नंबर तिकडे जात नाही.
मांजरासारखा असतो तो,
माणसांचा नाही, घराचा.

अर्ज चार ओळींचा. सदर नंबर कोणासही देऊ नये.
मुलगा उल्हास घरातून गेला आहे,
त्याला हाच पाठ आहे.
खाली सही. सहीच्या खाली, पुरावा म्हणून की काय,
त्याचा दहावीचा रोल नंबर.

असा नियम नव्हता.
नियम होता: सहा महिने विश्रांती, मग पुन्हा वाटप.
साहेबांनी हिरव्या शाईत लिहिलं, फाइल.
मी पेन्सिलीनं लिहिलं, खराब.

रामसेवक कुशवाहनं एक जम्पर ओढून
तो नंबर टेस्ट डेस्कवरच्या काळ्या फोनला बांधला.
"बाईजी, ऑडिट आया तो?"
"तो खराब है," मी म्हटलं.

अकरा वर्षं.
मध्ये पाचाचे सहा आकडे झाले, सहाच्या पुढे दोन लागला.
दिवसरात्र एक रेकॉर्डवरची बाई शहराला सांगत होती,
कृपया पुढे दोन लावा, कृपया पुढे दोन लावा,
आणि मला घोर:
ऐकेपर्यंत थांबेल का तो.

फोन चार वेळा वाजला.
एकदा मेळ्याच्या दिवसांत कोणी उंटाचा भाव विचारला.
एकदा मुरारहून, दवाखाना का म्हणून.
एकदा नुसतीच खरखर, फार लांबची.
चौथ्यांदा मी रजेवर, भाचीच्या लग्नाला उज्जैनला.
रामसेवकनं उचलला आणि सवयीनं म्हणाला, "एक्सचेंज."
तिकडे थोडा वेळ कोणीतरी होतं.
मग ठेवला.
हे त्यानं मला आठ दिवसांनी सांगितलं,
चहा पिताना, बशीकडे बघत.
"मैंने बस एक्सचेंज बोला, बाईजी."

मी ठाटीपूरला जायला निघाले होते एकदा.
टेंपो पडावपर्यंत गेला, तिथे उतरले,
उगाच पावशेर मटार घेतले आणि परत आले.

मग कॉम्प्युटर आला. त्याला पेन्सिल दिसत नाही.
वरून कागद आला की नंबर ही मोजकी संपत्ती,
कोणी अडवून ठेवू नये.
खोटं नव्हतं ते. प्रतीक्षायादीत माणसं होती,
त्यांच्याही घरी कोणी ना कोणी गेलेलं असणार.
सक्सेना म्हणून नवा मुलगा होता, त्यानं एक कळ दाबली
आणि सगळे खराब नंबर
एका दुपारी बरे झाले.

रिटायर झाल्यावर दुसऱ्या थंडीत
नया बाजारातून गजक आणली.
खोक्यावर, तिळाच्या चित्राखाली, तो.
पुढे दोन लावलेला, तरी तोच.
हात पुसले आणि लावला.
"हां जी, बोलिए."
तरुण आवाज. मागे ठोकाठोक, गजक कुटत होते.
"बोलिए ना."

मी ठेवला.

खोकं आहे अजून. बटणं ठेवते त्यात.